आठवीचं गणित ब्रेलमध्ये हवंय – कोल्हापूर परिसर

कळंबेकरीण | २ मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी लेक जूनला आठवीत जाईल. तिला जन्मापासून दिसत नाही. सातवीपर्यंत अंध शाळेच्या वसतिगृहात होती, आता घरी आणून इथल्याच हायस्कूलला घातलंय. मराठी माध्यम. मराठी, इतिहास, भूगोल ब्रेलमध्ये मिळालं. गणित नाही. दोन ठिकाणी विचारलं. एकीकडं "गणिताचं नंतर बघू" म्हणाले, दुसरीकडून जे बाड आलं ते जुन्या अभ्यासक्रमाचं निघालं. शेवटी ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, "कशाला गणित लावताय तिच्या मागं? सवलत असते, घ्या की."

आमची पिठाची गिरणी आहे. सुट्टीत ही गल्ल्यापाशी बसते. सव्वातीन किलो शाळू, किलोला सहा रुपये, असं मी म्हणायचा अवकाश, साडेएकोणीस म्हणून मोकळी. हिला गणित सोड म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू?

पुस्तक कुठं मिळेल? नसेल मिळत तर करून कसं घ्यायचं?

रंकाळावेस | २ मे, रात्री १०:४०

ताई, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ती घ्या, ब्रेलमध्ये बदलून देणारी सॉफ्टवेअरं आहेत त्यात टाका आणि छापा. पाच मिनिटांचं काम.

टिंबटिंब | ३ मे, सकाळी ७:०५

रंकाळावेस, राग मानू नका, पण पाच मिनिटांत जे निघतं त्याला ब्रेल म्हणत नाहीत, टोचलेला कागद म्हणतात. मला दिसत नाही आणि अकरा वर्षं मी ब्रेलची मुद्रितं तपासतोय, तेव्हा जरा लांबण लावतो.

ब्रेलचं एक घर सहा टिंबांचं. डावीकडं वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडं ४, ५, ६. कोरं घर धरून एकूण चौसष्ट आकार होतात, पासष्टावा नाही. एवढ्यात मराठीची सगळी अक्षरं, विरामचिन्हं, आकडे आणि वर गणित बसवायचं. आकड्यांना वेगळी घरं नाहीतच. आधी ३-४-५-६ टिंबांची आकडाखूण, मग अ म्हणजे १, ब म्हणजे २, च ३, द ४, ए ५. गंमत बघा, ही आकडाखूण एरवी मराठी ब्रेलमधला ण आहे.

आता गणिताची लिपी. नेमेथ नावाचे अमेरिकेतले अंध गणितज्ञ होते, त्यांची संकेतपद्धती १९५२ साली पहिल्यांदा छापली गेली. तिच्यात आकडे घरात एक पायरी खाली उतरवतात, म्हणजे अक्षरांशी घोळ होत नाही. पण बाकीच्या खुणा मराठी वाचणाऱ्या बोटाला कशा लागतात ते सांगतो. अधिकची खूण म्हणजे आपला ङ. वर्गमुळाची खूण आ. घातांक वर चढवायची खूण भ. बरोबरची खूण दोन घरांची, ख आणि त्यापुढं क. अपूर्णांक थ ने उघडतो, मधली रेघ ऐ आणि बंद करायला पुन्हा तोच ण. म्हणजे नुसता 'एक छेद दोन' लिहायला पाच घरं: थ, उतरवलेला १, ऐ, उतरवलेला २, ण.

कुठं मराठी संपली आणि कुठं गणित लागलं हे लिहिणाऱ्याला कळलं पाहिजे, तर वाचणाऱ्याला कळेल. सॉफ्टवेअरला ते आपोआप कळत नाही. त्यात ती पीडीएफ. कॉपी केलीत तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात, कारण आतला फॉन्ट युनिकोड नसतो. घातांक तर हमखास घसरतो. पाचाचा घन कॉपी केला की ५३ होतो. डोळस माणूस "काहीतरी चुकलंय" म्हणून पुढं जाईल. ज्या पोरीच्या हातात तेवढंच पुस्तक आहे ती त्रेपन्न धरूनच गणित सोडवणार, आणि उत्तर चुकलं की सगळे म्हणणार, हिला गणित झेपत नाही.

रंकाळावेस | ३ मे, सकाळी ९:३०

राग कसला? ५३ वाचून गप्पच झालो. शब्द मागे. काय काम असेल ते सांगा.

डिजिटल_मावळा | ३ मे, सकाळी ११:५०

एक वेगळा मुद्दा मांडतो, झोडपू नका. आता फोन बोलतात, संगणक वाचून दाखवतात. मग गठ्ठेच्या गठ्ठे जाड कागद कशाला? ऑडिओ करून द्या, एका पेनड्राइव्हवर बसेल.

सातवीचं_अंकगणित | ३ मे, दुपारी १:२०

मावळा, डबा खाता खाता लिहितोय. मी बँकेत आहे, दृष्टी नाही, दिवसभर स्क्रीन रीडरवरच काम करतो. त्याच्यावर माझा राग नाही, माझं पोट त्याच्यावर आहे.

पण ऐका. "दोन छेद तीन अधिक चार." आता सांगा, चार छेदात आहे की बाहेर? एका अर्थानं उत्तर येतं चार पूर्णांक दोन तृतीयांश, दुसऱ्या अर्थानं दोन सप्तमांश. कानाला दोन्ही सारखंच. चांगली सॉफ्टवेअरं "अपूर्णांक सुरू, अपूर्णांक समाप्त" असं बोलतात, मान्य. मग तीन ओळींचं समीकरण ऐकताना तिसऱ्या ओळीपाशी पहिली डोक्यातून निसटलेली असते. तुम्ही डोळा वर नेता, मी बोट वर नेतो. आवाजाला वर नेता येत नाही, सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं. इतिहास ऐकून होतो. गणित ऐकून होत नाही.

आणि माझं नाव असं का, तर दहावीला मी गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घेतलं. सवलत होती. घेतली म्हणण्यापेक्षा घ्यायला लावली म्हणा, पुस्तकच नव्हतं. सवलत वाईट नाही, ज्याला हवी त्यानं जरूर घ्यावी. पण पुस्तक नाही म्हणून सवलत घ्यायची, हे पायताण नाही म्हणून पाय नको म्हणण्यासारखं झालं. अकरावीला मला अर्थशास्त्र आवडायला लागलं आणि तिथं आलेख, समीकरणं दिसली की मी मागच्या मागं सरकायचो. आज कर्जाचे हप्ते सांगतो लोकांना. चक्रवाढ व्याजाचं सूत्र मी बत्तिसाव्या वर्षी स्वतःच शिकलो. आठवीच्या पुस्तकात तो एक धडाच आहे.

ताई, सोडू नका.

डिजिटल_मावळा | ३ मे, दुपारी २:०५

पटलं. छेदाचं उदाहरण घरी बायकोला वाचून दाखवलं, आमची दोघांची उत्तरं वेगवेगळी आली. ती शिक्षिका आहे हे विशेष.

फिरतीवरची_बाई | ३ मे, रात्री ९:१०

मी विशेष शिक्षिका, पाच-सहा शाळांत फिरते. ताई, आधी कागदोपत्री बाजू पक्की करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत द्यायची तरतूद आहे. मुख्याध्यापकांच्या पत्रासह गटसाधन केंद्राकडं लेखी मागणी द्या, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. तोंडी विचारलेलं हवेत जातं. मागणीत "ब्रेल पुस्तके" असं मोघम लिहू नका. "इयत्ता आठवी, गणित, मराठी माध्यम, चालू अभ्यासक्रम" असं फोडून लिहा. मोघम लिहिलं की भाषेची पुस्तकं येतात आणि यादीवर बरोबरची खूण होते.

स्वतः करून घ्यायचं म्हटलं तर परवानगीची भीती नको. कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, दिव्यांगांसाठी नफा न घेता सुगम प्रत करता येते. याच विषयावरच्या मराकेश कराराला भारतानं जगात सगळ्यांत आधी, २०१४ ला मान्यता दिली. 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयातही शोधा, तयार फाइल असेल तर निम्मं काम वाचलं.

पण वाट बघत बसू नका. पोच घ्या आणि इकडं कामालाही लागा. जून काही थांबत नाही.

गणितगुरुजी | ४ मे, पहाटे ५:४५

छत्तीस वर्षे गणित शिकवले, आता निवृत्त. पहाटे उठायची सवय काही सुटत नाही. टंकलेखन करायला मी तयार आहे, युनिकोड मराठी येते. ब्रेल येत नाही, पण कंस कुठे उघडतो आणि कुठे मिटतो एवढे नक्की कळते.

अवांतर: २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असे आले तेव्हा केवढा गदारोळ झाला. मीही नाक मुरडले होते. आज टिंबटिंब यांचा प्रतिसाद वाचून वाटले, बोटाखाली आधी २ लागतो, मग १, आणि तोंडाने म्हणायचे एक-वीस. डोळसाला दोन्ही आकडे एकदम दिसतात, बोटाला एकामागून एक. लहान अंध मुलाला हे कसे वाटत असेल?

टिंबटिंब | ४ मे, सकाळी ७:२०

गुरुजी, गोंधळ होतो, पण महिना-दोन महिन्यांत जातो. नव्व्याण्णवपर्यंतची मराठी नावं डोळसांनाही पाठच करावी लागतात की. आमचा एक फायदा सांगतो, ब्रेलमध्ये देवनागरी आकडा आणि इंग्रजी आकडा असा भेदच नाही. पाच म्हणजे पाच. त्या भांडणातून आम्ही सुटलो.

तुम्ही टंकणार असाल तर मी तपासतो. फक्त एकदम अख्खं पुस्तक घेऊ नका. छापील एका पानाची ब्रेलमध्ये अडीच-तीन पानं होतात, गणितात जास्तच. शंभर-सव्वाशे पानांच्या पुस्तकाचे चार-पाच जाडजूड खंड. ते होईपर्यंत दिवाळी येईल आणि तोवर वर्ग सात धडे पुढं. एक धडा, एक वही. वर्गाच्या पंधरा दिवस पुढं राहायचं, बास.

उद्यमनगरी | ४ मे, रात्री ८:३०

आमाला ब्रेल-बिल काय कळत न्हाई, पण शॉप हाय आपलं. लेथ हाय, कास्टिंग हाय. वैनी, पोरगीला काय बनवून पायजे ते सांगा. घनफळाचे ठोकळे, शंकू, काय बी. पैशाचं नाव काढायचं न्हाई. गणितात मी बी नापासच हुतो, पर आज दहा मायक्रॉनात काम करतोय, कुणाला सांगून खरं वाटंल का?

फिरतीवरची_बाई | ४ मे, रात्री ९:००

दादा, तुम्ही तर हवेच होता! टेलर पाटीचे खिळे जमतील का? ॲल्युमिनियमची पाटी असते, तिला आठकोनी भोकं. त्यात चौकोनी खिळा बसतो, आठ दिशांना फिरवून. एका टोकाला आडवी पट्टी, दुसऱ्या टोकाला दोन टिंबं. आठ दुणे सोळा खुणा. त्यावर उभी बेरीज, भागाकार मांडतात आणि चुकलं तर खिळा काढून बदलतात. ब्रेल पाटीवर टोच्यानं लिहिलेलं खोडणं फार त्रासाचं, शिवाय ते उजवीकडून डावीकडं उलटं लिहायचं आणि कागद परतून वाचायचं. कच्चं गणित तिथं होतच नाही. मुलांचे खिळे सारखे हरवतात, मग निम्म्या पाट्या नुसत्या पडून असतात.

उद्यमनगरी | ५ मे, सकाळी १०:१५

एक नमुना आणून द्या, दोनशे पाडून देतो. हरवायचेच असतील तर पाचशे.

कळंबेकरीण | ५ मे, रात्री ११:००

काय बोलू. तिला सगळं वाचून दाखवलं. "ङ म्हणजे अधिक" ऐकून हसत सुटली, म्हणाली ङ ला पहिल्यांदाच काहीतरी काम मिळालं.

अंध शाळेत तिला अधिक, वजा, साधे अपूर्णांक शिकवलेत. घातांक, वर्गमूळ येत नाही. ते कोण शिकवणार? आणि आकृत्यांचं काय? समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन रचना, पुस्तकात पानोपानी आकृत्या आहेत.

टिंबटिंब | ६ मे, सकाळी ७:१०

खुणा मी शिकवतो, रविवारी फोनवर. तिच्या हातात कागद, माझ्या हातात तोच कागद.

आकृत्यांबद्दल एकच सांगणं: छापील आकृती जशीच्या तशी उठवू नका. इष्टिकाचितीचं तिरकं चित्र डोळ्याला खोका वाटतं, बोटाला ते एकमेकांत अडकलेले दोन चौकोन आणि चार तिरक्या रेघा. तिथं खराखुरा खोका द्या, काडेपेटी चालेल. सपाट आकृत्यांना रबराच्या जाड शीटवर कागद ठेवून, शिंपी खुणांसाठी दात्यांचं चाक फिरवतात त्यानं रेघ ओढा. पण कागदाच्या मागून ओढायची, म्हणजे आकृती आरशातल्यासारखी उलटी काढायची. हे सगळेच एकदा विसरतात. आलेखाला रबरी पाटी, टाचण्या आणि रबरबँड यांसारखं दुसरं काही नाही. आणि एका पानावर एकच आकृती, नावं थोडी लांब. गर्दी झाली की बोटाखाली सगळं पिठलं.

कोडवाला_पोरगा | ६ मे, दुपारी १२:४०

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा चालू आहे म्हणूनच इथं आहे. गुरुजींनी गणितं लॅटेकमध्ये (सूत्रं टंकायची संगणकी पद्धत) टंकली तर त्यातून नेमेथ बऱ्यापैकी नीट निघतं, घातांक घसरत नाही, कारण तिथं घातांक हा घातांक म्हणूनच लिहिलेला असतो. मजकूर मराठी ब्रेलमध्ये, गणित नेमेथमध्ये, दोन्ही जोडायचं मी बघतो. गुरुजी, तासाभरात शिकवतो तुम्हाला. एम्बॉसर, म्हणजे ब्रेल छापायचं यंत्र, मात्र लाखांत जातो. तो शोधावा लागेल.

सातवीचं_अंकगणित | ६ मे, दुपारी १:१५

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत आहे, माझा मित्र तिथं आहे. कागद आपला नेला तर छापून देतील, विचारलं मी. जाड कागद घ्या, साध्या झेरॉक्स कागदावर टिंब दुसऱ्या वाचनाला बसतं.

गणितगुरुजी | १ जून, पहाटे ५:३०

पहिला धडा, परिमेय व अपरिमेय संख्या, टंकून झाला. त्या पोराने मला लॅटेक शिकवले, खरे म्हणजे मीच त्याचे डोके खाल्ले. या वयात तिरकी रेघ उलटी की सुलटी यावर तीन रात्री गेल्या. टिंबटिंब यांनी पहिल्या खर्ड्यात एकोणीस चुका काढल्या. छत्तीस वर्षांत माझ्या वहीत कुणी एकोणीस चुका काढल्या नव्हत्या.

टिंबटिंब | १ जून, सकाळी ७:००

अकरा तुमच्या, आठ सॉफ्टवेअरच्या. आणि एक मोठी राहिली ती माझीही: छापील पान क्रमांक टाकायचा आपण विसरलो. सर वर्गात "पान पाच काढा" म्हणतील तेव्हा तिच्या वहीतलं ते चौदावं पान असेल. ब्रेल पानाचा क्रमांक वेगळा आणि छापील पान जिथं बदलतं तिथं त्याचा क्रमांक वेगळा, दोन्ही हवेत. नाहीतर पुस्तक असूनही ती शेजारणीला विचारत बसणार. पुन्हा छापूया.

कळंबेकरीण | १९ जून, रात्री १०:२०

शाळा सुरू झाली. पहिली वही हातात आहे. पहिल्याच तासाला सरांनी पान क्रमांक सांगितला आणि हिनं सगळ्यांच्या आधी काढलं म्हणे. सर आधी बिचकत होते, आता फळ्यावर लिहिताना मोठ्यानं बोलतात. "हे इथून तिथं गेलं" असं न म्हणता "उजवीकडचे तीन डावीकडं आले, चिन्ह बदललं" असं. हिच्या मैत्रिणी म्हणाल्या, आता आम्हालाही जास्त कळतंय.

दादांचे खिळे आले. पाचशे! दोन डबे भरून.

फिरतीवरची_बाई | २० जून, रात्री ९:३०

त्यातला एक डबा मी पळवणार आहे, माझ्या बाकीच्या शाळांना. लेखी मागणीचं काय झालं?

कळंबेकरीण | २० जून, रात्री ९:५०

पोच आहे. पुस्तक नाही. आठवण-पत्र दिलं.

कळंबेकरीण | १४ जुलै, रात्री ९:०५

अडचण आहे. पाऊस तुम्हाला माहीतच आहे, पंचगंगा पात्राबाहेर, चार दिवस ऊन नाही. पहिल्या धड्याच्या वहीचा कागद सादळला. टिंबं बोटाला बोथट लागतात म्हणते. मी वह्या एकावर एक ठेवल्या होत्या, वर इस्त्रीचे कपडे.

टिंबटिंब | १४ जुलै, रात्री ९:४०

अरेरे! ब्रेलची वही कधी आडवी रचायची नाही, उभी ठेवायची, कपाटात पुस्तकं ठेवतो तशी आणि तीही दाटून नाही. कापडी पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा. चुलीजवळ नको, कागद वाकतो. गिरणीत नको, पीठ बसतं.

उद्यमनगरी | १४ जुलै, रात्री ९:५५

पत्र्याची उभी पेटी करून देतो, खाचे पाडून. रविवारी येतो कळंब्याला. तांबडा-पांढरा नको, च्या चालंल.

सातवीचं_अंकगणित | १५ जुलै, दुपारी १:३०

पहिली वही पुन्हा छापून आणतो. फाइल आहे म्हटल्यावर काळजी कसली? ती फाइल जपा रे, कोडवाल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी गावातली आई हेच विचारत येईल.

कोडवाला_पोरगा | १५ जुलै, दुपारी ३:००

तीन ठिकाणी आहे. निकाल पण लागला, गणित-तीन सुटला.

गणितगुरुजी | १६ जुलै, पहाटे ५:२०

काल टिंबटिंब यांनी नेमेथ यांच्याबद्दल आणखी सांगितले. त्यांनाही सल्लागारांनी गणित नको म्हणून मानसशास्त्राकडे वळवले होते. पदवी घेतली, मग परत गणिताकडे आले आणि पुढे विद्यापीठात गणितच शिकवले, डोळस मुलांना, फळ्यावर लिहून. त्यांना स्वतःला गणित लिहायला नीट लिपी नव्हती म्हणून त्यांनी ती तयार केली. मी मात्र छत्तीस वर्षांत एकदाही विचारले नाही की आमच्या शाळेत अंध विद्यार्थी का येत नाही.

विस्तार सूत्रांचा धडा आज पाठवतो.

कळंबेकरीण | २ ऑगस्ट, रात्री १०:३०

विस्तार सूत्रांची वही आली. बोटं फिरवत शेवटच्या पानापर्यंत गेली, पुन्हा मागं आली, परत शेवटी गेली. मी म्हटलं, काय शोधतेस? तर म्हणे, "उत्तरं कुठायत? बाकीच्यांच्या पुस्तकात मागं उत्तरसूची असते. मलाच का नाही?"

खरंच नाही हो. चारही वह्यांत नाही.

टिंबटिंब | ३ ऑगस्ट, सकाळी ७:००

कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही. तपासायचं काम माझं होतं.

गणितगुरुजी | ३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

चारही धड्यांची उत्तरे आठवड्यात टंकून देतो. फक्त तिला सांगा, आधी गणित सोडवायचे, मग मागे बघायचे.

कळंबेकरीण | ३ ऑगस्ट, रात्री ९:४५

सांगितलं. "बाकीचे सोडवतात होय आधी?" म्हणाली.